ताई, तुम्ही म्हणाल ते

पत्र:

"मी वारज्यात राहते आणि हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी पूजा (नाव बदललं आहे) यंदा अकरावीत आहे. दहावीला तिला ८१ टक्के पडले तेव्हा मीच म्हटलं, सायन्स घे, पुढे इंजिनिअरिंगला जा, बाकीचं मी बघते. क्लासच्या फीचा पहिला हप्ता मी भरला. दर रविवारी सकाळी ती आमच्याकडे यायची. मी तिचं गणित बघायचे, इंग्रजी बोलायला लावायचे, करिअरबद्दल चार गोष्टी सांगायचे. गणपतीनंतर तिचं येणं कमी झालं. कधी डोकं दुखतं, कधी पाहुणे येतात. मग माझ्या मुलीकडून कळलं की पूजाला पोलीस भरतीत जायचंय आणि ती पहाटे मैत्रिणींबरोबर पळायला जाते. मला एका शब्दाने बोलली नाही. विचारलं की उत्तर एकच, 'ताई, तुम्ही म्हणाल ते.' वर मावशी म्हणतात, अठरा पूर्ण झाली की स्थळं बघायला लागू. एवढं करून ती शिपाईच होणार असेल, किंवा बोहल्यावरच चढणार असेल, तर मी कशासाठी जीव काढतेय? दुसरा हप्ता भरू की नको? आणि माझं काही चुकतंय का?"
– 'मार्गदर्शक', वारजे

वारज्याच्या ताई,

हप्त्याचं शेवटी बघू. आधी "तुम्ही म्हणाल ते" हे घेऊ.

पूजाची आई रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. पूजा रविवारी त्याच घरात, सिंकपासून दहा पावलांवर, डायनिंग टेबलाशी बसते. तिथे बसून तिने तुम्हाला काय सांगायला हवं होतं? तुमचं इंजिनिअरिंग मला नको, असं? घरून निघताना आईने बजावलेलं असणार, "ताई एवढं करतायत, उलट बोलू नकोस." आईचं काम, दिवाळीचा बोनस, अडीनडीला मिळणारी उचल, हे सगळं त्या टेबलावर तुमच्या दोघींच्या मध्ये मांडलेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही, तिला दिसतं. तोंडावर नाही म्हणायची सोय नाही, म्हणून तिचं डोकं दुखतं आणि तिच्याकडे पाहुणे येतात. तुम्हाला हा कृतघ्नपणा वाटतोय. मला तर त्यात बऱ्यापैकी शहाणपण दिसतं.

तेव्हा चुकतंय का, तर हो, थोडं चुकतंय. नियत उत्तम आहे तुमची. पण रविवारची भेट तुम्ही ऑफिसातल्या रिव्ह्यू मीटिंगसारखी चालवलीत. ध्येय तुम्ही ठरवलं, प्रगती तुम्ही मोजली, आणि समोरची व्यक्ती मान हलवते म्हणजे तिला पटलंय असं धरून चाललात. हिंजवडीत तरी मान हलवणारे सगळे पटून मान हलवतात का? तुम्हीच सांगा.

पहिलं काम, भेटीची जागा बदला. बागेतला बाक, एखादं उडप्याचं हॉटेल, कुठेही, फक्त तुमचं घर नको. मावशींना सांगून, दिवसाउजेडी, चार माणसांत. दुसरं, मावशींशी एकदाच आणि स्पष्ट बोला: "पूजाचं पुढे काहीही ठरो, तुमच्या कामाचा आणि पगाराचा त्याच्याशी काही संबंध नाही." मग तसंच वागा. त्या ओट्याशी असताना "काल पूजा आली नाही हो" असं सहज म्हणालात, तरी ते सहज राहत नाही. घरी गेल्यावर त्या पोरीला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

आता पोलीस भरती. "शिपाईच होणार असेल तर" असं तुम्ही लिहिलंय, त्यातला 'च' जरा बाजूला ठेवा. मुलगी सोळा वर्षांची, कुणी सांगितलेलं नसताना पहाटे उठते, मैत्रिणी गोळा करते, पळते, घरी येऊन कॉलेजला जाते. करिअर गायडन्सच्या नावाखाली हजारो रुपये घेऊन चाचण्या करतात ना, त्यांच्या रिपोर्टात याहून भरवशाचं काही निघत नाही. भरतीत जायलाच हवं असं मी म्हणत नाही. पण तिने स्वतःहून निवडलेली ही पहिली गोष्ट आहे, आणि ती तुमच्यापासून लपवावी लागली. हे नीट व्हायला हवं.

तर पुढच्या भेटीत भाषण नको. घरातली मोजायची टेप घेऊन जा. पोलीस शिपाई भरतीला मुलींसाठी उंचीची अट १५५ सेंटिमीटर आहे. पूजाला भिंतीशी उभं करा, चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण करा. १५७ भरली तर उत्तम. १५३ भरली तर अजून वाढीचं वय थोडं शिल्लक आहे, पण तिला आत्ताच कळायला हवं. दोन-तीन वर्षं मैदानावर घाम गाळून ऐन मोजमापाच्या दिवशी बाहेर पडलेल्या मुली असतात. ही साधी गोष्ट त्यांना वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

बाकीचंही दोघींनी मिळून शोधा. म्हणजे तिने शोधायचं, तुम्ही शेजारी बसायचं. शिक्षण बारावी पास, शाखा कुठलीही. वय १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय चार किलोचा गोळा फेकायचा. लेखी परीक्षा १०० गुणांची, त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गातल्या जागांमध्ये महिलांचा राखीव वाटा. आता बघा, तुमचं रविवारचं गणित वाया गेलेलं नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. आणि गोळा कुणी शिकवणारं आहे का, हे तिला विचारा. पळायला सगळ्याच जातात, गोळ्याकडे दुर्लक्ष होतं आणि १५ गुण तिथे अडकतात.

त्यानंतर तिची एखाद्या महिला पोलिसाशी गाठ घालून द्या. पुण्यात महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या पोलिसांच्या दामिनी पथकाच्या मुली दुचाकीवरून शाळा-कॉलेजांच्या भागात फिरत असतात. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात विचारा, कुणाची तरी वहिनी, भाची पोलिसात निघेलच. प्रश्न पूजाने घरून लिहून आणायचे. विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्ताला सलग किती तास उभं राहावं लागतं? तेव्हा बाथरूमची सोय काय असते? मूल लहान असलं तर रात्रपाळीचं काय करतात? पहिला पगार हातात किती आला? बदली कुठे होते? असले प्रश्न ती तुम्हाला विचारणार नाही, कारण तुमच्याकडे उत्तरं नाहीत. हा तुमचा कमीपणा नाही. पण एका मुलीला एकच मार्गदर्शक पुरतो, ही समजूत सोडा. तुमच्याकडे तिला देण्यासारखं जे आहे ते म्हणजे तुमच्या ओळखी. तुमच्या लेकीला त्या न मागता मिळतात. मामा बँकेत, काकू वकील, शेजारचे आजोबा प्राध्यापक. पूजाच्या आईच्या ओळखीही कमी नाहीत, अडीनडीला धावून येणाऱ्या आहेत, पण त्यातून ऑफिसांची दारं उघडत नाहीत.

एकाच महिला पोलिसावर थांबू नका. बाजीराव रस्त्यावर माझ्या ओळखीच्या एका सीए बाईंचं ऑफिस आहे. त्या दर मे महिन्यात अकरावीच्या एक-दोन मुलींना पंधरा दिवस ऑफिसात नुसतं बसू देतात. काम नाही, पगार नाही, बघायचं. त्यातल्या एकीने शेवटच्या दिवशी सांगितलं, "मॅडम, मला हे अजिबात नको." बाई खूश! तीन-चार वर्षं वाचली म्हणाल्या. पूजालाही असं काही बघू दे: ससूनमधली नर्स, सर्वेक्षण करणारी डिप्लोमा इंजिनिअर, मेट्रो चालवणारी मुलगी. आणि हो, तुमचं ऑफिसही. तुमचा दिवस कसा जातो, सॉफ्टवेअरमधली चूक कशी सापडते, वरिष्ठांनी झापलं की तुम्ही काय करता, हे तिने कधी पाहिलंय का? इंजिनिअर व्हायचं म्हणजे काय व्हायचं, हेच दिसलं नसेल तर ती हो म्हणाली काय आणि नाही म्हणाली काय.

माहिती द्या, जेवढी असेल तेवढी, मात्र ढकलू नका. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तुमच्या वारज्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे आणि १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पूजाला हे माहीत आहे का? परीक्षा अवघड आहे, गणित खरोखर कठीण, पण गणवेश आवडणाऱ्या मुलीला निदान ऐकून तरी माहीत असावं. पोलिसातच जायचं तर पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची पीएसआयची, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाची, परीक्षाही देता येते. भरती निघते तेव्हा निघते, दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून बारावीनंतर पदवीला नाव घालून ठेवणं बरं, हे तिला पोलिसातल्याच एखाद्या ताईकडून ऐकू दे. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, फिरून इंजिनिअरिंगकडेच वळवतायत.

तिने पुढे मन बदललं आणि इंजिनिअरिंगच म्हणाली, तर फीची धास्ती आता पूर्वीइतकी नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको, आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेळेत भरलेला हवा.

आता कागदांबद्दल. हे कुणी सांगत नाही, कारण यात स्वप्नाबिप्नाचं काही नाही.

वस्तीतल्या कितीतरी हुशार मुली गुणांवर अडत नाहीत, कागदावर अडतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव एक, आधारवर दुसरं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी अर्धं. जन्मतारखेत महिन्याचा फरक. पूजाला एक फाइल विकत घ्यायला सांगा, तिच्या पैशांनी, वीस-तीस रुपयांची. त्यात दहावीचं गुणपत्रक, दाखला, आधार, रहिवासी आणि वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला. सगळीकडे तिचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते तिने तपासायचं. फरक असेल तर सेतू केंद्राची रांग आत्ताच लावायची, जूनमध्ये तिथे मुंगी शिरायला जागा नसते. राखीव प्रवर्गातली असेल आणि पुढे व्यावसायिक शिक्षणाचा थोडाही विचार असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत लवकर करायचा. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांचे हाल तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असतील.

आणि तिचं बँक खातं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, किती रकमेपर्यंत ते बँक ठरवते. तिला घेऊन शाखेत जा. काउंटरवर काय होईल ते मी आत्ताच सांगते. क्लार्क पूजाकडे बघणारसुद्धा नाही, तुमच्याकडे बघून विचारेल, "काय काम आहे?" तुमच्या तोंडाशी उत्तर आलेलं असेल, हातही फॉर्मकडे जाईल. तिथे दोन पावलं मागे सरका आणि म्हणा, "तिला विचारा, खातं तिचं आहे." ती अडखळेल. मागची रांग चुळबुळेल. नॉमिनी म्हणजे काय ते तिला माहीत नसेल, तिने क्लार्कलाच विचारू दे. फॉर्म चुकला तर दुसरा मागू दे. तुम्ही केलंत तर दहा मिनिटांत होईल, तिला पाऊण तास लागेल. त्या पाऊण तासासाठीच तुम्ही बरोबर गेलायत. कॉलेजच्या ऑफिसात शाखा बदलता येते का आणि कधीपर्यंत, हेही तिनेच विचारायचं. क्लासला फोन तिनेच करायचा. सोळाव्या वर्षी खिडकीपलीकडच्या माणसाशी मान वर करून बोलता आलं, तर चोविसाव्या वर्षी पगार ठरवताना आणि तिशीत डॉक्टरला दोन प्रश्न जास्त विचारतानाही बोलता येतं.

इंग्रजीचंही तसंच. इंग्रजी हवंच, पण आधी तिला स्वतःचं म्हणणं मराठीत सलग पाच मिनिटं मांडता येतंय का ते बघा. याच पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या समाजाच्या दुःखाबद्दल तिने थेट देवाधर्मालाच जाब विचारलाय त्यात. असा निबंध घोटून घेतलेला नसतो, शिकवणाऱ्यांनी मुलीला बोलू दिलेलं असतं. आपल्या रविवारच्या तासात बोलणं कुणाचं जास्त होतं, ते तुम्ही एकदा घड्याळ लावून बघाच.

मावशींच्या "स्थळं बघू"वर तुम्ही चिडलाय, पण त्यांच्याशी ओट्याशेजारी उभ्याने वाद घालू नका. त्यांच्या घरी जा. बोलावतील, लाजतील, खुर्ची शेजारून मागवतील, चहा होईल. तिथे त्या मालकीण असतात आणि तुम्ही पाहुण्या, त्यामुळे बोलणंही वेगळं होतं. लग्नाच्या घाईमागे बहुतेक वेळा भीती असते: मुलगी पहाटे अंधारात पळायला जाते, गल्लीतले लोक काय म्हणतील, कुणी मागे लागलं तर काय, हातून काही वेडंवाकडं घडलं तर नात्यात तोंड कसं दाखवायचं. ही भीती अगदीच खोटी नाही, तेव्हा तिची थट्टा नको. पहाटे किती जणी एकत्र जातात, कुठल्या रस्त्याने, मोठं कुणी बरोबर असतं का, हे मावशींसमोरच पूजाला विचारा, आणि कमी असेल तिथे सोय करा. मग आकडा मांडा. अठराव्या वर्षी कायद्याने लग्न करता येतं, तसंच अठराव्या वर्षी भरतीचा अर्जही भरता येतो. आधी एक-दोन भरत्या देऊ द्या, मग स्थळं बघा, नोकरीवाल्या मुलीला स्थळं काही कमी येत नाहीत. हा शेवटचा मुद्दा मला स्वतःला फारसा आवडत नाही, पण मावशींना तो लगेच पटेल, आणि पूजाला दोन-तीन वर्षं मिळतील. अठराच्या आतच कुणी घाई करायला लागलं, तर मात्र तो गुन्हा आहे हे स्पष्ट सांगा. वेळ पडली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तो पूजाला पाठ असू दे.

त्यावरून एक. पूजा कधीतरी एखादी गंभीर गोष्ट सांगेल, कुणी त्रास देतंय, घरी मारहाण होते, असं काही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. अठराखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून गप्प बसणं पॉक्सो कायद्यात बसत नाही. "तुला सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही, पण गरज पडली तर मदत बोलवावी लागेल," एवढं प्रामाणिकपणे सांगता येतं.

आणि तिचे फोटो कुठेही टाकू नका. ऑफिसच्या ग्रुपवर नको, सोसायटीच्या नको, महिला दिनाला तर मुळीच नको. तिच्या मैत्रिणींपैकी कुणाची तरी आईही तुमच्याच सोसायटीत कामाला असणार.

आता हप्ता. पहिला हप्ता तुम्ही न विचारता भरलात, तो दिला म्हणून सोडून द्या, हिशेबात धरू नका आणि बोलण्यात आणू नका. दुसऱ्याबद्दल तिला विचारा, पण "भरू का?" असं विचारलंत तर परत "तुम्ही म्हणाल ते" येईल. रक्कम सांगा. म्हणा, "यावर्षी तुझ्या शिक्षणासाठी माझ्याकडे एवढे पैसे बाजूला आहेत. क्लासला जातील, किंवा भरतीच्या पुस्तकांना आणि बऱ्या बुटांना, किंवा बारावीनंतरच्या कॉलेजला ठेवता येतील. पुढच्या रविवारपर्यंत कागदावर लिहून आण, काय करायचं आणि का." पुढच्या वर्षी किती देऊ शकाल, देऊ शकाल की नाही, तेही आत्ताच सांगून टाका, म्हणजे तिला दर महिन्याला तुमचा चेहरा वाचत बसावं लागणार नाही. ती कागद घेऊन आली आणि त्यात क्लास सोडायचा असं लिहिलेलं निघालं, तर एकच अट घाला: बारावी पास व्हायला सायन्सचे विषय कसे सांभाळणार, ते तिने समजावून सांगायचं. पटलं तर त्याच दिवशी क्लासला फोन, आणि तोही तिने करायचा. भरलेल्यातलं काही परत मिळतं का, तेही तिनेच विचारायचं.